होडीमागे गरी ओढायची कशी? कोकणात ट्रोलिंग सुरू करणाऱ्यांसाठी

नारळी पौर्णिमा झाली की मला मेसेज यायला लागतात, आणि दहातले नऊ एकच विचारतात की दादा रॉड कुठला घेऊ. मी दरवेळी सांगतो की रॉडचं नंतर बघू, आधी मला सांग होडी किती वेगात चालवणार आणि गरी किती खोल चालणार, तर समोरचा गप्प होतो. हा लेख त्या गप्प होणाऱ्यांसाठी. मी देवगड-मालवण पट्ट्यात गेली बरीच वर्षं गरवतोय, त्यातली सुरुवातीची तीन वर्षं अक्षरशः डिझेल-पेट्रोल जाळण्यात गेली, तेव्हा तुमची तरी जाऊ नयेत.

ट्रोलिंग म्हणजे काय ते एका ओळीत: होडी चालती ठेवायची आणि मागे आमिष किंवा लुअर, म्हणजे माशासारखं दिसणारं खोटं आमिष, ओढत न्यायचा, म्हणजे सुरमई, कुप्पा, बॅराकुडा, सकला असे पाठलाग करून खाणारे मासे त्याला पळणारा पेडवा समजून धरतात. यात नवीन काहीच नाही, आपले लोक शिडाच्या होड्यांमागे दोरीला गरी बांधून ओढायचे तेव्हापासून हे चालू आहे. आमच्या होडीवरचे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, काका तर म्हणतात, "अरे मासो धावत्याक खाता, रडत्याक नाय." त्यांच्या या एका वाक्यात अर्धं ट्रोलिंग आलं.

तळ्यातला सामन आणि आपली सुरमई

आता तुमच्यातले बरेच जण अमेरिकेतले सामनचे व्हिडिओ बघून येतात म्हणून हे आधीच सांगून टाकतो. माझा मावसभाऊ मिलवॉकीला असतो, त्याने एकदा ऑगस्टमध्ये मला लेक मिशिगनवर नेलं. लेक म्हणजे आपल्याला तळं वाटतं, पण पलीकडचा किनारा दिसत नाही, क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर आणि सगळ्यात खोल जागी २८१ मीटर. मजा म्हणजे सामन तिथला मूळचा मासाच नाही. समुद्रातून कालव्यांवाटे शिरलेला एलवाइफ नावाचा छोटा मासा तिथे इतका वाढला की मेलेल्या माशांचे ढीग किनाऱ्यावर लागायला लागले, मग त्याला खायला म्हणून १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक सामनची पिल्लं सोडली, आणि ती तिथे अशी रमली की आज त्यावर अख्खा धंदा चालतो.

त्या बोटीवर दहा रॉड होते. दोन्ही बाजूंना डाउनरिगर, म्हणजे बारीक तारेला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा लावून तो यंत्राने हव्या त्या खोलीवर सोडायचा, गोळ्याजवळ चिमट्यात आपली लाइन अडकवायची, मासा लागला की चिमटा सुटतो आणि मासा मोकळ्या लाइनवर येतो. कारण असं की उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि सामनला साधारण १० ते १३ अंशांचं गार पाणी लागतं, ते पाणी कधी १५ मीटरवर असतं कधी ३०, त्यामुळे तिथे सगळा खेळ गारव्याचा थर शोधून बरोबर त्याच खोलीवर चमचा, म्हणजे पत्र्याचा चमकणारा लुअर, ओढत राहण्याचा. वेग ताशी तीन ते पाच किलोमीटर, म्हणजे माणूस चालतो तेवढाच. शिवाय लेड-कोअर नावाची आत शिसं भरलेली लाइन, तिचा रंग दर १० यार्डांनी बदलतो, किती रंग सोडले त्यावरून खोलीचा अंदाज.

मी परत आलो ते डोक्यात डाउनरिगर घेऊनच, आणि येताना तिथले पातळ पत्र्याचे चमचेही घेऊन आलो. इथे सुरमईच्या वेगाला लावले तर एकूण एक चमचा भोवऱ्यासारखा गरगरला आणि लाइनचा पार दोरखंड झाला. आपल्याकडे किनाऱ्याजवळ ८ ते १२ वाव (वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात गारव्याचा थर वगैरे शोधायची गरजच नाही, इथे मासा गारव्यापाठी नाही, खाण्यापाठी आणि खडपापाठी, म्हणजे पाण्याखालच्या खडकापाठी, असतो. म्हणून डाउनरिगर सध्या विसरा. पण तिथली एक गोष्ट मी उचलली, ती ही की ती माणसं कुठली लाइन किती सोडली, किती खोल गेली, वेग किती होता, हे सगळं वहीत लिहितात. आपण म्हणतो "आज मासा नव्हता."

आणि हो, हॉटेलात इंडियन सामन म्हणून जो मिळतो तो आपला रावस, त्याचा आणि सामनचा काही संबंध नाही, घराणंच वेगळं. रावस खाडीच्या मुखाशी गढूळ पाण्यात मिळतो, ट्रोलिंगमध्ये त्याची वाट बघू नका.

होडी आणि तांडेल

स्वतःची होडी घ्यायच्या भानगडीत पहिल्या दोन वर्षांत पडू नका. गावातली फायबरची छोटी होडी, ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड असलेली, चालवणाऱ्यासकट ठरवा. त्या माणसाला खडप कुठे आहे, जाळी कुठे टाकलेली असतात, बंदरात शिरताना कुठून वळायचं हे सगळं पाठ असतं आणि त्याची किंमत तुमच्या फिशफाइंडरपेक्षा जास्त आहे. फक्त एक गोष्ट आधीच स्पष्ट बोला, पैसे दिवसाचे आहेत की माशाचे, आणि मासा मिळाला तर वाटा कसा. हे किनाऱ्यावर ठरवायचं, हातात सात किलोची सुरमई आल्यावर नाही.

लाइफ जॅकेट अंगावर हवं, सीटखाली नाही. मोबाइल वॉटरप्रूफ पाउचमध्ये, ओळखपत्र जवळ, कारण सागरी पोलीस विचारतात. कोस्ट गार्डचा बचावासाठीचा नंबर १५५४ सेव्ह करा. बंदरावर ३ नंबरचा धोक्याचा बावटा लागला असेल तर विषय संपला, घरी जा. मळमळणाऱ्यांनी उलटीची गोळी डॉक्टरला विचारून निघायच्या आधी घ्यावी, होडीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही.

कायद्याचं पण बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा मासे अंडी घालतात आणि तसाही दर्या तुम्हाला घेणार नाही, तरी दरवर्षीचा आदेश बघून घ्या. मालवणला जाणार असाल तर तिथलं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालंय, २९.१२ चौरस किलोमीटरचं, आणि त्याच्या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतालचं पाणी येतं, तिथे गरी टाकायची नाही. किल्ल्याभोवती मासा उडताना दिसला तरी नाही.

कधी जायचं

पंचांग काढा, खरंच. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ मिळते, हे आजोबांना माहीत होतं, आपण ॲप डाउनलोड करतो. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. पुढे-मागे अर्धा-पाऊण तास धरायचा. भरतीनंतर सहा तासांनी सुकती पूर्ण.

उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी जोरात वाहतं आणि खाडीतला गाळ बाहेर येतो, किनाऱ्याजवळ सगळं चहासारखं. सुरमई डोळ्यांनी शिकार करते, चहात ती तुमचा लुअर बघणार कशी? तेव्हा नवीन माणसाने भांगेचे दिवस धरावेत, अष्टमीच्या मागचे-पुढचे दोन-तीन, पाणी स्वच्छ असतं आणि ओढ कमी. उधाणालाच जायचं असेल तर थोडं बाहेर, जिथे गढूळ पाणी आणि हिरवं पाणी यांची रेघ स्पष्ट दिसते त्या रेघेच्या हिरव्या बाजूने चालायचं. ती रेघ दिसली की माझे हात आपोआप रॉडकडे जातात.

महिने म्हणाल तर ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मग मार्चपासून मे अर्ध्यापर्यंत. आणि वेळ पहाटेची, दुसरी नाही. सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, पाणी तेलासारखं सपाट, मग साडेदहा-अकराला खारा वारा सुरू झाला की बारीक लाटा उठतात, बाराला त्या बारीक राहत नाहीत आणि तुम्ही येताना सगळा वेळ पाणी उपसत बसता. अंधारात निघा, अकराला वाटेला लागा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राची स्थिती आणि मासे मिळण्याची शक्यता असलेल्या क्षेत्राची माहिती देते, मराठीतही मिळते, ती आदल्या रात्री बघायची सवय लावा.

सामान, थोडक्यात

दोन रॉड. साडेपाच ते साडेसहा फुटी, ३० ते ५० पाउंड क्लासचे, जाड आणि आखूड. लांब रॉड खडकावरून फेकायला, होडीत तो फक्त दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. रील ६००० ते ८००० साइझचं स्पिनिंग चालेल, ट्रोलिंगचं आडवं रील असेल तर उत्तम पण हट्ट नको. लाइन ५० पाउंड ब्रेड, म्हणजे विणलेली बारीक दोरी, निदान २५० मीटर, आणि दर १० मीटरला रंग बदलणारी घ्या, ती का ते खाली येईल. ब्रेड ताणत नाही, त्यामुळे सुरमईने झटका दिला की तिचं तोंड फाटून गरी सुटते, म्हणून पुढे ६० पाउंडचा मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉन, आठ-दहा मीटर जोडायचा, तो रबरासारखं काम करतो.

लुअर दोन पुरे. खाली डुबणारे कडक प्लास्टिकचे, जिभेसारखी पट्टी असलेले. रॅपालाच्या एक्स-रॅप मॅग्नममध्ये २०, ३० असे आकडे असतात, तो आकडा म्हणजे ट्रोल करताना तो किती फूट खाली जातो ते. वाव साधारण सहा फुटांचा, म्हणजे २० नंबर सव्वातीन वाव आणि ३० नंबर पाच वाव. तांडेलला वावात सांगा, त्याला लगेच कळतं की खडपाला लागेल की नाही. रंगाबद्दल लोक रात्रभर भांडतात, मी एक लाल डोकं-पांढरं अंग आणि एक बांगड्यासारखा हिरवा-निळा ठेवतो, बाकी पैसे बर्फाला.

बजेट अजिबात नसेल तर रॉड नका घेऊ, १०० पाउंडचा जाड मोनो ८० मीटर लाकडी फळीला गुंडाळा, होडीच्या खुंटाला बांधताना मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला म्हणजे झटका शोषला जातो, हातात जाड हातमोजे आणि दोरी हाताला कधी म्हणजे कधीच गुंडाळायची नाही. माझी पहिली सुरमई याच जुगाडावर आली.

तारेचा लीडर: हे घरी शिका

सुरमईचे दात म्हणजे वस्तऱ्याची रांग, नायलॉन कितीही जाड असला तरी ती दिवसातून दोनदा कापून नेईल. म्हणून पुढे स्टीलच्या एकेरी तारेचा एक-दीड फुटाचा लीडर, म्हणजे लाइन आणि गरी यांच्यामधला तुकडा. तार विकत मिळते, ती बांधायची कला मिळत नाही.

तार हुकच्या कडीतून ओवा, छोटा फासा करा, फासा डाव्या चिमटीत घट्ट धरा. आता दोन्ही तारा एकमेकींवर फुलीसारख्या येऊ द्या आणि दोघींना सारखंच पिळा. इथेच सगळे चुकतात, ते एक तार सरळ ठेवून दुसरी तिच्याभोवती गुंडाळतात आणि ती ताणाखाली सरकत सुटते. वेणी घातल्यासारखं दोघींनी एकमेकींना पीळ द्यायला हवा, असे चार-पाच पीळ. मग मोकळं टोक काटकोनात वळवून मुख्य तारेवर चार-पाच घट्ट, शेजारीशेजारी वेढे. शेवटी टोक पकडीने कापायचं नाही! कापलं की तिथे अणकुची राहते आणि ती तुमच्याच बोटात जाते. टोकाला हँडलसारखा एक वाक द्या आणि ते हँडल मागे-पुढे हलवा, तार वेढ्यालाच टप्पकन तुटते, बोट फिरवलं तर काही लागत नाही. दुसऱ्या टोकाला याच पद्धतीने बॉल-बेअरिंगचं स्विव्हल, म्हणजे लाइनला पीळ पडू न देणारी फिरती कडी. वीस लीडर टीव्हीसमोर बसून बनवा, पहिले आठ फेकून द्या.

बांगडा लावायचा तर

लुअर महाग वाटतो, समजतं मला, एकेक हजाराच्या आसपास जातो. मग ताजा बांगडा, वीतभर, किंवा वाकटी. बांगड्याचा कणा दोन-तीन ठिकाणी हलकेच मोडून घ्या म्हणजे तो पाण्यात काठीसारखा न जाता वळवळत जातो. मोठी गरी हनुवटीखालून घालून वरच्या जबड्यातून बाहेर काढा, तोंड मिटलेलं हवं, उघडं राहिलं की पाणी भरून तो फिरायला लागतो. आणि दुसरी गरी तारेच्या तुकड्यावर शेपटीजवळ, ही हवीच. सुरमई मागून येते आणि शेपटी कापते, एक गरी असेल तर तुम्हाला वर ओढल्यावर फक्त डोक्याकडचा अर्धा बांगडा मिळतो, सुरीने कापल्यासारखा सरळ, आणि तुम्ही त्याच्याकडे बघत बसता.

बांगडा लावला तर वेग कमी, तीन-चार नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). लुअर आणि बांगडा एकाच वेळी ओढू नका, एकाचा वेग दुसऱ्याला मानवत नाही.

पाण्यावर: पायरी-पायरीने

खडपाच्या जवळ पोचायच्या बऱ्याच आधी होडी हळू करा. पहिल्यांदा लुअर होडीच्या कडेला दोन मीटर लाइनवर धरून बघा की तो सरळ पोहतोय का. डावीकडे पळत असेल तर लुअरचं नाक तुमच्याकडे धरून पुढची कडी पकडीने केसभर उजवीकडे वाकवा, उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. केसभर म्हणजे केसभर. हे न करता ३० मीटर मागे सोडला तर तो पृष्ठभागावर आडवा होऊन उड्या मारत येईल.

मग सोडायचं. नियम एकच: खोल जाणारा जवळ, उथळ चालणारा लांब. ३० नंबर होडीमागे २० ते २५ मीटरवर, २० नंबर दुसऱ्या बाजूने ४० मीटरवर. असं केलं की वळताना लाइन एकमेकींच्या वरखाली जातात, गुंता होत नाही. रंगीत ब्रेड इथे कामाला येते, दोन रंग, चार रंग, मोजायचं आणि लक्षात ठेवायचं. मासा लागला तर "किती रंगांवर लागला?" हा पहिला प्रश्न, मग दोन्ही त्याच हिशोबात.

लाइन सोडताना बोट स्पूलवर ठेवा, मोकळी सोडली तर रीलवर पक्ष्याचं घरटं होतं.

वेग पाच ते सात नॉट, मोबाइलच्या जीपीएसवर ताशी ९ ते १३ किलोमीटर. पण मोबाइल जमिनीच्या हिशोबाने वेग सांगतो आणि लुअर पाण्याच्या हिशोबाने पोहतो, हे ध्यानात घ्या. पाण्याची ओढ समोरून एक नॉटची असेल तर मोबाइलवर पाच दिसत असताना लुअरला सहा लागतायत, आणि उलट फिरलात की चार. म्हणून एका दिशेने जाताना मासा लागतो आणि परतीला लागत नाही असं होतं, आणि लोक म्हणतात मासा उठला. मासा तिथेच आहे, तुमचा लुअर आळसावलाय. आकड्यापेक्षा रॉडच्या टोकाकडे बघा. लुअर नीट चालत असेल तर टोक एकसारखं थरथरतं, भात शिजताना झाकण थरथरतं तसं. थरथर थांबली की एकतर प्लास्टिकची पिशवी अडकलीय किंवा शेवाळ, लगेच आत घ्या, पिशवीला कुठलीच सुरमई खात नाही. आपल्या किनाऱ्यावर हे दर वीस मिनिटांनी होतं, चिडून उपयोग नाही.

सरळ रेषेत चालू नका. नागमोडी चाला, आणि तांडेलला हळूहळू वळायला सांगा. वळताना आतल्या बाजूचा लुअर मंदावतो, बाहेरच्या बाजूचा वेग घेतो, म्हणजे एकाच वेळी दोन वेग तपासून होतात. तीन वळणांत दोनदा बाहेरच्यालाच मासा लागला तर समजायचं आज त्यांना पळतं खाणं हवंय, होडी एक नॉट वाढवा. आतल्याला लागला तर कमी करा. मिलवॉकीला हीच युक्ती चमच्यांवर चालते आणि इथे सुरमईवर, फरक काही नाही.

कुठे फिरायचं? खडपाच्या माथ्यावरून नाही, त्याच्या कडेने, जिकडून ओढ येते त्या बाजूला जास्त. कुरव आणि सुरय हे पक्षी पाण्यात सूर मारत असतील तर खाली पेडव्यांचा थवा आहे आणि त्याच्याखाली आपलं गिऱ्हाईक. पण थव्याच्या मधून होडी घालू नका, थवा फुटतो, सगळं खाली जातं आणि शेजारच्या होडीतून तुमच्या खानदानाचा उद्धार होतो. बाजूने वळसा घ्या, फक्त लुअर कडेवरून जाऊ दे.

जाळ्यांचे बोये आणि झेंडे दिसले की लांबून जा. ते कुणाचं तरी पोट आहे. माझा एक नवाकोरा लुअर अशाच एका जाळ्यात गेला, सोडवायला गेलो असतो तर जाळं फाटलं असतं, लाइन कापली आणि गप घरी आलो, चूक माझीच.

मासा लागल्यावर

ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा रील किती जोरावर लाइन सोडेल तो ब्रेक, आधीच घरी लावलेला हवा. वजनकाट्याला लाइन बांधा, रॉड वाकवून ओढा, तीन ते चार किलोवर लाइन सुटायला हवी. सुरमईचं तोंड नाजूक, जास्त घट्ट केलंत तर गरी फाडून जाईल. मी दुसऱ्या वर्षी ड्रॅग घट्ट पिळून ठेवला होता आणि रॉड स्वस्तातल्या प्लास्टिक होल्डरमध्ये. काहीतरी लागलं, रील वाजलंच नाही, एक कड् असा आवाज आला आणि होल्डरसकट रॉड गेला. तांडेल काका मिनिटभर पाण्याकडे बघत होते, मग म्हणाले, "माशाक रॉड गावलो." आजही बंदरात कुणी नवीन आलं की हा किस्सा निघतो. तेव्हा रॉडला दोरी बांधा, होडीला.

रील ओरडलं की सगळे उठून उभे राहतात. एकानेच उठायचं. तांडेलने इंजिन लगेच बंद करायचं नाही, पाच-सहा सेकंद तसंच चालू द्यायचं, लाइन सैल पडत नाही आणि बऱ्याचदा दुसऱ्या रॉडलाही लागतो कारण सुरमई एकटी क्वचितच असते. मग वेग कमी, पण होडी जेमतेम पुढे सरकत राहू दे. दुसऱ्या माणसाने उरलेली लाइन आत घ्यायची, आणि कुणीतरी फोनवर ती जागा मार्क करायची, नंतर तिथूनच आठच्या आकड्यात फिरायचंय.

पहिली धाव असते ती थांबवायला जाऊ नका. ती ८०-१०० मीटर जाईल, जाऊ दे. थांबली की रॉड उचला आणि खाली आणताना गुंडाळा, पण खाली आणताना लाइन सैल पडली की संपलं. सुरमई मध्येच होडीकडे तोंड करून पळत येते, तुम्हाला वाटतं सुटली, नव्वद टक्के लोक इथे गुंडाळणं थांबवतात. वेड्यासारखं गुंडाळा. ती तिथेच आहे.

होडीजवळ ती एकदा तरी शेवटची धाव घेणारच, तेव्हा ड्रॅगला हात लावायचा नाही. गाफ, म्हणजे दांड्याचा मोठा आकडा, डोक्याच्या मागे, एका हालचालीत, आणि सरळ आत. तारेला हाताचा वेढा देऊ नका. तोंडात बोट तर अजिबात नको, लांब नाकाची पकड वापरा. तिहेरी हुक आणि उडणारा मासा हे होडीतलं सगळ्यात धोकादायक जोडपं, आधी मासा ओल्या गोणपाटाखाली दाबा, मग हुक. समुद्री कासव कधी अडकलं तर ओढाताण न करता जवळ घेऊन हुक काढा, नाही निघाला तर लाइन तोंडाशी कापून सोडा, ते संरक्षित आहे. आणि हातभर लांबीचीही नसलेली पोर सुरमई आली तर सोडून द्या, सरकारने २०२३ मध्ये माशांच्या ५४ जातींसाठी किमान आकार ठरवलेत, पण ते नसते तरी तिला अंडी घालायची एक संधी द्यायला हवीच.

बर्फ, आणि घरी आल्यावर

बर्फाशिवाय निघू नका. सुरमई, कुप्पा, बांगडा या जातीचा मासा उन्हात पडला की त्याच्या मांसात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून, तळून कशानेच जात नाही, खाल्ल्यावर तोंड लाल, डोकं ठणकतं, अंगावर गांधी. मासा ताजा दिसतो तरी होतं हे. म्हणून आत घेतल्याघेतल्या कल्ल्याखाली काप देऊन रक्त जाऊ द्यायचं आणि बर्फ अधिक समुद्राचं पाणी अशा गार चिखलात पुरायचं, नुसत्या खड्यांवर ठेवून नाही. माशाइतका बर्फ लागतो, कमी नाही.

त्या दिवशीच वहीत लिहा: तिथी, पाण्याचा रंग, वेग, किती रंग लाइन, आतल्याला लागला की बाहेरच्याला. रिकाम्या हाती आलात तर जास्त लिहा. दोन सीझन झाले की ती वही बघून तुम्हालाच कळेल की अमुक खडपाला अमुक तिथीला जायचं, तेव्हा मला मेसेज करायची गरज उरणार नाही.

रील गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा, जोराच्या पाइपने मीठ आत ढकललं जातं, आणि ड्रॅग सैल करून ठेवा. लुअर बादलीत बुडवून धुवा, हुकला गंज धरला असेल तर बदला, पण वाळायला अंगणातल्या दोरीवर टांगू नका. लुअरला माशाचा वास राहतो, आमच्या मांजरीने रात्री उडी मारून एक पकडला आणि ओठातला तिहेरी हुक काढायला आम्ही तिघे चादर घेऊन पहाटे तीनपर्यंत जागे होतो. आता माझे लुअर डब्यात झाकण लावून वाळतात.